बघायची मुभा कोणाला, कळायलाच हवं कोणाला

वाचकाचं पत्र

आमची कंपनी १८० जणांची आहे आणि मी ऑपरेशन्स सांभाळतो. गेल्या दोन महिन्यांत दोन प्रकार घडले. सेल्सने एका सेवेचे दर वाढवले आणि ते मॅनेजमेंटच्या ग्रुपवर टाकलं, पण सपोर्टला कोणी सांगितलंच नाही. आठ दिवस सपोर्टची मंडळी ग्राहकांना जुनेच दर सांगत राहिली. आता ते दर पाळायचे की नाही, यावरून दोन टीम एकमेकींशी भांडताहेत. दुसरा प्रकार अकाउंट्सचा. त्यांनी सगळ्या विभागांना बजेटची एक्सेल फाइल पाठवली. तिच्यात एक लपवलेलं पान होतं आणि त्यावर सगळ्यांचे पगार. आता संचालकांनी अंतर्गत माहिती कोणी कोणाला द्यायची याची दोन पानी नियमावली माझ्याकडे मागितली आहे, मुदत महिनाअखेर. टीमहेड म्हणतात, 'ज्याला गरज त्यालाच माहिती' एवढं एक वाक्य पुरे. तरुण मंडळी म्हणतात, सगळंच उघडं ठेवा. आणि उघडं केलं तर बाहेर जाईल, ही भीती सगळ्यांनाच आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर

नमस्कार,

दोन्ही प्रकारांवर एकच औषध द्यायचा मोह होईल, तो आधी आवरा. दरवाढीत गुप्त असं काहीच नव्हतं. सपोर्टमधल्या कोणीही ती माहिती बघितली असती तरी कोणाची हरकत नव्हती. ती त्यांच्यापर्यंत पोचवणं हे कोणाच्याच कामात धरलेलं नव्हतं, एवढंच. पगारांचं नेमकं उलट झालं. ते थोड्याच लोकांनी बघायचे होते आणि पाठवणाऱ्याला आपण काय पाठवतोय याचा पत्ता नव्हता. म्हणून नियमावलीत दोन प्रश्न अगदी वेगवेगळे लिहा: ही माहिती कोणी बघितली तर चालेल? आणि ही माहिती कोणाला कळायलाच हवी? बहुतेक कंपन्या पहिल्या प्रश्नावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसरा विसरतात. रोजचं नुकसान मात्र दुसऱ्यामुळे जास्त होतं.

टीमहेडच्या वाक्यात एक खोट आहे. गरज कोणाला आहे हे ठरवणार कोण? माहिती ज्याच्या हातात आहे त्याला समोरच्या टीमचं काम पुरतं ठाऊक नसतं. आणि ज्याला गरज आहे त्याला अशी काही माहिती अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसतं, मग तो मागणार कशी? दर बदलणाऱ्यांनी सपोर्टपासून काही लपवलं नव्हतं, सपोर्ट त्यांच्या डोळ्यांसमोर आलाच नाही. १८० माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात १६,११०. यांतली कोणती जोडी आज जुळायला हवी, याचा हिशोब कोणाच्याही डोक्यात बसणार नाही.

हे तत्त्व वाईट नाही, ते चुकीच्या जागी लावलं जातं. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. कामाला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व त्यांनी त्यात नीट मांडलं. तिथे विषय अधिकारांचा होता. कोण खोडू शकतो, कोण पैसे पाठवू शकतो, कोण दुसऱ्याची खाती उघडू शकतो, इथे ते तत्त्व अगदी कडकपणे पाळा. पण 'पुढच्या महिन्यात कोणतं काम पुढे ढकललंय' हे वाचायला मिळणं हा काही अधिकार गाजवण्याचा प्रकार नाही. बदल करण्याचे हक्क मोजके, वाचण्याची मुभा मोकळी, असा फरक लिहून टाका. टीमहेडशी अर्धा वाद तिथेच संपेल.

चार कप्पे, आणि काही न लिहिलं तर दुसरा

माहितीचे कप्पे चारच करा. पाच-सहा झाले की माणसं विचार करायचं सोडतात आणि सगळ्यावर वरचा शिक्का मारून मोकळी होतात. कप्प्याचं नावही असं हवं की ते वाचून काय करायचं ते कळावं. 'गोपनीय', 'अतिगोपनीय' या शब्दांनी दटावणी होते, पण ही फाइल शेजारच्या टीमला द्यायची की नाही, ते कळत नाही. संगणक-सुरक्षेतल्या मंडळींनी यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांच्याकडे ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल नावाची पद्धत आहे. फर्स्ट ही आंतरराष्ट्रीय संघटना ती सांभाळते आणि तिची २.० आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली. तिच्यात लाल म्हणजे ज्याच्या हाती दिलं त्याच्यापुरतंच, आणि इतर रंगांनुसार ते आणखी किती लांब नेता येईल ते ठरलेलं असतं. खूण पुढे देण्याबद्दल बोलते, म्हणून ती उपयोगी पडते.

तुमच्यासाठी नावं अशी ठेवता येतील: 'बाहेर चालेल', 'कंपनीभर', 'टीमपुरतं' आणि 'नावानिशी'. सगळ्यांत महत्त्वाचा नियम हा: कागदावर काही लिहिलेलं नसेल तर तो 'कंपनीभर' धरायचा. उघडं ठेवायला कारण लागत नाही, बंद करायला लागतं. 'नावानिशी' हा शिक्का मारणाऱ्याने शेजारी दोन गोष्टी लिहायच्या: एका ओळीत कारण, आणि हे कधी उघडायचं ती तारीख किंवा घटना. 'करार जाहीर होईपर्यंत', 'ही त्रुटी दुरुस्त होईपर्यंत', 'कायमचं, व्यक्तिगत माहिती'. तारीख नसली की बंद गोष्टी बंदच राहतात. तीन वर्षांनी त्या का बंद केल्या होत्या हे सांगायला कोणी उरत नाही.

'नावानिशी'ची यादी नियमावलीतच पूर्ण लिहा, 'इत्यादी' न लिहिता. एकेकाचे पगार आणि कामाचं मूल्यमापन. कोणाच्याही आजाराची, रजेच्या कारणाची, घरच्या अडचणीची माहिती. तक्रार आणि चौकशीचे कागद. जाहीर न झालेली नोकरकपात, विलीनीकरण, खरेदी-विक्रीची बोलणी. दुरुस्त न झालेल्या सुरक्षेच्या त्रुटी. वकिलाचा सल्ला. ज्या ग्राहकाशी गुप्ततेचा करार आहे त्याचं साहित्य, कारण ते तुमचं नसतंच आणि कंपनीतल्या कंपनीतसुद्धा ते करारात लिहिलेल्या माणसांपलीकडे जाऊ नये. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर जाहीर न झालेले निकालही यात येतात. तिथे कोणाला कधी सांगितलं याची नोंद ठेवणं कायद्यानेच बंधनकारक असू शकतं, ते वकिलाला विचारून घ्या. पासवर्ड मात्र या यादीत घालू नका. ते कोणत्याच फायलीत, शीटमध्ये किंवा चॅटमध्ये नसावेत, त्यांची जागा पासवर्ड मॅनेजरमध्ये.

'टीमपुरतं' हा कप्पा अर्धवट गोष्टींसाठी ठेवा: कच्चे मसुदे, चर्चेत असलेले पर्याय. माणसांना चुकीचं लिहून बघायला थोडा आडोसा लागतो. तो नसला तर मसुदे खाजगी गप्पांत जातात आणि पुढे कोणालाच सापडत नाहीत. पण निर्णय झाला की तो त्या दिवशीच 'कंपनीभर'मध्ये जायला हवा, सोबत नाकारलेले पर्याय आणि नाकारायचं कारणही. कारण नोंदलेलं नसलं की सहा महिन्यांनी दुसरी टीम तोच पर्याय नव्याने शोधून काढते.

'कंपनीभर' म्हणजे कोण, तेही एका ओळीत लिहा. कंत्राटी कर्मचारी येतात का? शिकाऊ मुलं? तुमच्या ऑफिसात बसणारे दुसऱ्या कंपनीचे लोक? सल्लागार? लिहायला बसण्याआधी 'सर्व कर्मचारी' या मेल-यादीतली खरी नावं आयटीकडून मागवून वाचा. अशा याद्यांत दुसऱ्या याद्या कोंबलेल्या असतात आणि कधीकाळी जोडलेला एखादा बाहेरचा पत्ता तसाच राहून गेलेला असतो.

कळवणं हे ठेवण्यापेक्षा वेगळं काम आहे

इथे सगळ्यांत जास्त वेळ घाला. ड्राइव्हवर फाइल ठेवली म्हणजे ती बघता येते, पण त्याने कोणाला काही कळत नाही. ग्रुपवर टाकलं म्हणजे त्या क्षणी जे ग्रुप बघत होते त्यांना कळलं, आणि दुपारपर्यंत ते वर सरकून गेलं. दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. नियम असा करा: प्रत्येक निर्णयाचं एक कायमचं पान, आणि चॅट, मेल, मीटिंग या सगळीकडे फक्त दोन ओळी आणि त्या पानाची लिंक. मजकूर तीन ठिकाणी चिकटवला की दुरुस्ती एकाच ठिकाणी होते आणि उरलेल्या दोन ठिकाणी जुना मजकूर राहतो.

मग कोणाला कळायलाच हवं याचा तक्ता बनवा. दोन पानांतलं जवळजवळ एक पान यालाच द्या. डावीकडे बदलाचे प्रकार: दर आणि सवलती, सेवेत किंवा उत्पादनात बदल, ग्राहकाला दिलेल्या मुदतीत बदल, सेवा बंद पडणं, नव्या माणसाचं येणं किंवा कोणाचं जाणं, कामाच्या पद्धतीत बदल. पुढच्या रकान्यांत कळवणारं पद, ज्यांना कळायलाच हवं त्या टीम आणि किती आधी. दरांची ओळ अशी दिसेल: कळवणार सेल्सप्रमुख, कळायला हवं सपोर्ट, अकाउंट्स, वेबसाइट सांभाळणारे आणि नूतनीकरणाच्या मेल पाठवणारे, ग्राहकाला कळण्याच्या किमान पाच कामाचे दिवस आधी. पाच का? पहिले दोन दिवस वाचायला आणि प्रश्न विचारायला जातात, दोन दिवस बिलाच्या साच्यात आणि उत्तरांच्या नमुन्यात बदल करायला, आणि एक दिवस हाताशी राहतो. तुमच्याकडे बिलाचा साचा बदलायला आठवडा लागत असेल तर दहा दिवस धरा. आकडा अशाच हिशोबातून काढा, 'वेळेत कळवावे' असं लिहू नका. कोणत्या टीमला कळायला हवं हे कळवणाऱ्याने ठरवायचं नाही. त्या त्या टीमने या तक्त्यात स्वतःचं नाव घालून घ्यायचं. त्यासाठी प्रत्येक टीमला एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षभरात तुम्हाला काय उशिरा कळलं आणि त्याने काय बिघडलं? तक्ता आपोआप भरेल.

तक्त्यात पदं लिहा आणि पदाशेजारी सध्याचं नाव. नुसतं नाव लिहिलं तर माणूस गेला की ओळ निकामी होते. नुसतं पद लिहिलं तर नव्या माणसाला फोन कोणाला करायचा ते कळत नाही.

सूचनेचा साचाही ठरवून टाका. असा:

काय बदलतंय: अमुक सेवेचा मासिक दर १२ टक्क्यांनी वाढतोय.
कधीपासून: १ तारखेपासून; त्याआधी नोंदवलेल्यांना मुदत संपेपर्यंत जुना दर.
कोणावर परिणाम: सपोर्ट, अकाउंट्स, वेबसाइट.
तुम्ही काय करायचं: सपोर्टने २८ तारखेपर्यंत उत्तरांचे नमुने बदलायचे, २५ तारखेनंतर विचारणाऱ्याला दोन्ही दर तारखेसकट सांगायचे.
काय अजून ठरलेलं नाही: एकदम वर्षाचे पैसे भरणाऱ्यांची सवलत. शुक्रवारी कळेल.
कोणाला विचारायचं: सेल्सप्रमुख.
कप्पा: २५ तारखेपर्यंत कंपनीभर, मग बाहेर चालेल.

'काय अजून ठरलेलं नाही' ही ओळ लोक गाळतात, आणि तीच गाळू नये. ती नसली की ती जागा अंदाजांनी भरते आणि आठवडाभरात अंदाज हीच बातमी होऊन बसते. 'जुन्यांचं काय' हा प्रश्नही दर, सेवा, नियम अशा प्रत्येक बदलात येतो. त्याचं उत्तर सूचनेत नसलं तर पहिल्याच दिवशी सपोर्टचे फोन त्याने भरतील.

पोचल्याची खात्री कशी करायची? निळ्या खुणा आणि अंगठे यांवर विसंबू नका. अंगठा म्हणजे 'दिसलं' एवढंच. ज्यांना कळायलाच हवं त्या प्रत्येक टीममधून एका नेमलेल्या माणसाने आपल्या शब्दांत एक वाक्य परत लिहायचं: 'म्हणजे १ तारखेपासून नव्या ग्राहकाला फक्त नवा दर सांगायचा, बरोबर?' चूक असली तर ती इथेच सापडते. १८० जणांकडून पोच मागू नका, तीन-चार माणसांकडून मागा. सगळ्यांकडून मागितली की ती न वाचता मिळते.

सांगण्याचा क्रमही पाळा. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी, बाकीच्यांना त्याच दिवशी, बाहेर सगळ्यांत शेवटी. टीमहेडना त्यांच्या टीमच्या आदल्या दिवशी कळवणं रास्त आहे, म्हणजे प्रश्नांना तोंड द्यायची त्यांची तयारी होते. आठवडाभर आधी कळवू नका. आठवडाभर तोंड बंद ठेवायला लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि बातमी तोवर तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडलेलीच असते.

आता वाईट बातमीबद्दल. ती खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर थोडी थोडी गुळगुळीत होते. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत हवेतच फुटलं आणि सात जण गेले. थंडीत रॉकेटच्या सांध्यांतल्या रबराच्या कड्या नीट बसणार नाहीत असं रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. पण उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत तो आक्षेप पोचलाच नाही, असं नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाला आढळलं. तुमच्या तक्त्यात एक ओळ खास यासाठी ठेवा: सुरक्षेचा, पैशांचा किंवा ग्राहकाला दिलेल्या शब्दाचा धोका दिसला तर तो निर्णय घेणाऱ्याला थेट लिहायचा, मधल्या साहेबांना फक्त प्रत. आणि निर्णयाच्या पानावर 'आलेले आक्षेप' असा भाग ठेवायचा, आक्षेप नसले तर 'नाहीत' असं लिहायचं. कोरी जागा चालणार नाही.

मीटिंगबद्दल थोडक्यात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी २४ तासांच्या आत पानावर. कोण काय बोललं ते नको.

फायली, लिंका आणि लपवलेली पानं

तुमच्या अकाउंट्सची चूक जगभर होते. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाने माहितीच्या एका अर्जाला उत्तर म्हणून एक्सेल फाइल दिली. तिच्यात एक लपवलेलं पान राहून गेलं, आणि ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे आणि नेमणुका उघड झाल्या. तिथल्या पोलिसांना जिवाची भीती असते, म्हणून प्रकरण फारच गंभीर झालं. २०२४ मध्ये त्या दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. यात कोणी चोरी केली नव्हती, कोणी कुलूप फोडलं नव्हतं.

एक्सेलमध्ये पान, ओळी किंवा रकाने लपवणं म्हणजे पडदा ओढणं. पडदा कोणीही सारू शकतो. शीटवर बदल न करण्याचा पासवर्ड टाकला तरी त्याने आतला मजकूर सुरक्षित होत नाही. फिल्टर लावून पाठवलं तर फिल्टर काढता येतो. सगळ्यांत फसवं असतं ते पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीच्या गटवार बेरजा दाखवणारा तक्ता. तेवढंच उचलून नव्या फाइलमध्ये टाकलं तरी मूळ ओळी त्याच्या पोटात राहू शकतात, आणि विभागाच्या बेरजेवर दोनदा क्लिक केलं की एकेकाचा पगार समोर येतो. गूगल शीटमध्ये नुसती बघायची परवानगी दिली तरी समोरचा स्वतःसाठी कॉपी करू शकतो, आणि कॉपीत लपवलेली पानंही जातात.

म्हणून कृती अशी. पाठवायची फाइल मूळ फाइलमधून काटछाट करून कधीच बनवायची नाही. कोरी फाइल उघडायची, हवे तेवढेच आकडे निवडायचे, कॉपी करून 'फक्त किमती' या पर्यायाने पेस्ट करायचे, म्हणजे सूत्रं आणि जोडण्या मागे राहतात. मग एक्सेलमधला डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवायचा. लपवलेली पानं, ओळी आणि शेरे तो दाखवून देतो. शेवटी ती फाइल, ज्याला खास परवानग्या नाहीत अशा सहकाऱ्याकडून उघडून बघायची. वाचायचंच असेल तर पीडीएफ द्या. पण पीडीएफमध्ये ओळीवर काळी पट्टी काढली म्हणजे ती ओळ गेली असं समजू नका. पट्टीखालचा मजकूर निवडून दुसरीकडे पेस्ट केला की वाचता येतो. मजकूर आधी खोडा, मग पीडीएफ बनवा. वर्डमध्ये 'बदलांची नोंद' चालू राहिली असेल तर ते बदल स्वीकारून टाका. गूगल डॉक्समध्ये ज्याला संपादनाचा हक्क दिलात त्याला आधीच्या सगळ्या आवृत्त्या दिसतात, हेही विसरू नका.

लिंक देताना तीन पर्याय दिसतात: ठरावीक माणसं, कंपनीतलं कोणीही, किंवा लिंक असलेलं जगातलं कोणीही. तिसरा पर्याय आयटीकडून बंदच करून घ्या. लागेल तेव्हा विनंतीवरून, मुदत घालून उघडता येतो. पहिला पर्याय 'नावानिशी'साठी, दुसरा 'कंपनीभर'साठी. परवानगी फाइलवर देण्यापेक्षा फोल्डरवर द्या, आणि माणसाला देण्यापेक्षा गटाला. म्हणजे माणूस टीम बदलला की गटातून नाव काढलं, काम झालं. फोल्डरची परवानगी आतल्या फायलींना आपोआप लागते, त्यामुळे 'नावानिशी'ची फाइल 'कंपनीभर'च्या फोल्डरमध्ये ठेवायचीच नाही, 'तात्पुरती' म्हणूनही नाही. स्लॅक या ऑफिसच्या चॅट-अ‍ॅपवरच्या खाजगी चॅनेलमध्ये नव्या माणसाला घेतलं की त्याला पहिल्यापासूनचं सगळं दिसतं, म्हणून नव्या कामाला नवं चॅनेल. कंपनीच्या कामाचे ग्रुप लोकांच्या खाजगी फोनवर चालत असतील तर ते हलवा. माणूस नोकरी सोडून जातो, ग्रुपमधलं सगळं त्याच्या फोनवर राहतं.

हे आत्ताच का करायचं? आजवर चुकीच्या परवानगीची फाइल अडगळीत पडून राहायची, कोणी तिथवर पोचायचं नाही. आता कंपनीच्या फायलींवर चालणारे एआय सहायक आलेत. विचारणाऱ्याला ज्याची परवानगी आहे ते सगळं ते धुंडाळतात. कोणीतरी सहज 'आमच्या टीमचे पगार काय आहेत' विचारलं आणि जुनी फाइल उघडी असली, तर उत्तर मिळेल. असा सहायक सुरू करण्याआधी एचआर, अकाउंट्स आणि कायदेशीर कामाचे फोल्डर तपासा. पुढे दर तीन महिन्यांनी प्रत्येक टीमहेडने आपल्या फोल्डरची परवानगी-यादी वाचायची, अर्ध्या तासाचं काम.

चूक झालीच तर पहिल्या तासात काय करायचं, तेही नियमावलीत हवं. आधी प्रवेश बंद. मग किती जणांनी उघडलं त्याची नोंद आयटीकडून. मेल परत बोलावण्याच्या सोयीवर भिस्त ठेवू नका. बाहेर गेलेली मेल परत येत नाही, आणि 'परत बोलावली' असं दिसलं की न वाचणारेही वाचतात. ज्यांची माहिती गेली त्यांना त्याच दिवशी सांगायचं. वकिलालाही त्याच दिवशी, कारण व्यक्तिगत माहिती उघड झाली तर सरकारी यंत्रणेला कळवायची मुदत अनेक कायद्यांत फार थोडी असते. युरोपीय संघाच्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात ती ७२ तास आहे. आणि एक वाक्य ठळक लिहा: स्वतःहून लगेच सांगणाऱ्याला शिक्षा नाही. हे नसलं तर पहिला तास लपवाछपवीत जातो, आणि तोच तास मोलाचा असतो.

बाहेर जाण्याची भीती, आणि ते दोन प्रकार

बाहेर जाणं थांबवायला आतल्या भिंती उंच करू नका, कुंपण वेगळं घाला. कंपनीबाहेरच्या पत्त्यावर शेअर करणं मुळात बंद. वार्ताहर, स्पर्धक किंवा अनोळखी माणसाने विचारलं तर कोण बोलणार ती दोन-तीन पदं लिहिलेली. आणि नोकरी सोडणाऱ्याचे सगळे प्रवेश शेवटच्या दिवशी, ठरल्या वेळी बंद. त्याची जबाबदारी एचआर आणि आयटी यांच्यापैकी नेमक्या एकाकडे. 'दोघांनी मिळून' लिहिलं की कोणीच करत नाही.

दोन गोष्टी नियमावलीत लिहू नका. कोणी स्वतःचा पगार सहकाऱ्याला सांगितला तर तो गुन्हा ठरवू नका. ती त्याची माहिती आहे, आणि काही देशांत तशी बंदी घालणंच बेकायदा आहे. नियम पगाराच्या फायली सांभाळणाऱ्यांना लागू. आणि 'कंपनीची कोणतीही माहिती बाहेर सांगता येणार नाही' असं सरसकट वाक्य टाकू नका. गैरप्रकाराची तक्रार सरकारी यंत्रणेकडे करायचा हक्क त्याने मारला जातो. तो अपवाद स्पष्ट लिहा.

महिनाअखेरपर्यंतचा क्रम सांगतो. पहिल्या आठवड्यात टीमना तो एक प्रश्न विचारा आणि तक्ता भरा. दुसऱ्यात आयटीसोबत लिंका आणि मेल-याद्या तपासा. तिसऱ्यात मसुदा सपोर्ट आणि अकाउंट्सच्या दोन-दोन माणसांना द्या आणि गेल्या दोन महिन्यांतल्या पाच खऱ्या निर्णयांवर तो चालवून बघायला सांगा. जिथे अडतात तिथे तुमचं वाक्य बदला, त्यांना समजावत बसू नका. लागू झाल्यावर दर महिन्याला एक निर्णय निवडा आणि वेगवेगळ्या टीममधल्या दहा जणांना विचारा: कळलं का, कधी, कुठून? तिघाचौघांनी 'चहाच्या वेळी कळलं' असं सांगितलं तर तक्त्यातली ती ओळ दुरुस्त करा.

आता ते भांडण. सपोर्टने आठ दिवस सांगितलेला जुना दर पाळा. ग्राहकाच्या दृष्टीने तो कंपनीचाच शब्द आहे, सपोर्टचा वेगळा नाही. कॉल आणि मेलच्या नोंदींवरून त्या ग्राहकांची यादी काढा, अकाउंट्सने त्यांच्या चालू मुदतीपुरता फरक वजा करून द्यायचा, आणि हा फरक सेल्सच्या बजेटातून जायचा, कारण कळवणं त्यांच्याकडे होतं. वर दिलेल्या साच्यात हे लिहून याच आठवड्यात पाठवा, तीच तुमची पहिली सूचना. पगारांबाबत, आपले आकडे कोणी बघितले असतील हे १८० जणांना अजून कंपनीच्या तोंडून कळलं नसेल, तर संचालकांच्या सहीने तेही कळवा: काय उघड झालं, किती वेळ, किती जणांनी फाइल उघडली, आणि आता काय बदललं. त्यात अकाउंट्समधल्या त्या माणसाचं नाव नको.